निळ्या तारेचा डूख

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तार आहे. अंगावरचे प्लॅस्टिक निळे, म्हणून मला निळी म्हणतात. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा मनाने मोठ्या असतात. फाटकी छत्री माणसाला क्षमा करते, गंजलेली सायकल करते, पाय मोडलेली खुर्चीसुद्धा करते. मी त्यांच्यातली नाही. एका माणसाने माझे वाईट केले. मी त्याच्यावर डूख धरला आणि वेळ येताच सूड घेतला. तो पुरता घेऊन झाला की नाही, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तांब्याची जाड सळई एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत नेली, आणि शेवटच्या छिद्रातून मी बाहेर पडले तेव्हा शेवईइतकी बारीक झाले होते. मला तापवून मऊ केले आणि निळे प्लॅस्टिक चढवले. शेजारच्या यंत्रातून त्याच वेळी पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये एक तार बाहेर आली. आम्हा दोघींना एकमेकींभोवती पीळ घातला. ती माझी बहीण.

हा पीळ शोभेसाठी नसतो, मित्रांनो. जमिनीत विजेचा, मोटारींचा, शेजारच्या तारांचा गोंगाट सतत चालू असतो. आम्ही दोघी एकमेकींना बिलगलेल्या असलो की तो गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. टोकाला बसलेले यंत्र फक्त आमच्यातला फरक वाचते. सारखे असलेले वजा होते आणि माणसाचे बोलणे तेवढे उरते. एकटी तार कितीही चांगल्या तांब्याची असो, तिला हे जमत नाही.

आमच्या केबलमध्ये अशा पाच जोड्या होत्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि करडी. प्रत्येकीची बहीण मात्र पांढरीच. पाचही पांढऱ्या दिसायला अगदी एकसारख्या. पिळातून सोडवल्या तर कोणती कोणाची, हे कोणालाच सांगता येणार नाही. एवढे लक्षात ठेवा.

चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मनसारामला अजून तिथे राहायचे आहे. गावाला मोठा तलाव आहे आणि त्यातल्या मासोळीवर जगणाऱ्या ढिवरांची घरे आहेत. लाकडी ड्रमवर गुंडाळलेल्या आम्ही तिथे आलो. तलावाच्या पाळीलगत चर खणून आम्हाला पुरले. निळी जोडी, म्हणजे आम्ही दोघी, कुंताच्या घरी गेलो. नारिंगी जोडी गेली मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात.

कुंताचा नवरा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला. सणासुदीला घरी यायचा. कुंताने पुढच्या खोलीत एसटीडीची टपरी काढली आणि सारे गाव आमच्यातून बोलू लागले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी बाया यायच्या आणि माहेरी फोन लावून पाऊस किती पडला ते विचारायच्या. दसऱ्याला कुंता फोनला हळदकुंकू लावायची, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या आमच्या टोकालाही एक बोट लावायची. त्या बोटाचा स्पर्श मला अजून आठवतो.

तिचा मोठा भाऊ मनसाराम हा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. तो फोनवर इतक्या जोरात बोलायचा की कुंता म्हणायची, "दादा, फोन ठेवून दे अन् असाच बोल. चामोर्शीले बराबर ऐकू जाते." मनसाराम हसायचा आणि आणखी जोरात बोलायचा. तेव्हा मला तो आवडायचा. खोटे कशाला सांगू?

मग मोबाइल आले. टपरी बंद पडली. हिरवी, तपकिरी आणि करडी या जोड्यांच्या घरचे फोन एकेक करून बंद झाले आणि त्या नुसत्याच जमिनीत पडून राहिल्या. तलावाच्या सांडव्याजवळ आमच्या जोडाचा खड्डा आहे. त्याचे झाकण एका ट्रॅक्टरच्या चाकाखाली फुटले. ते कोणी बदलले नाही. खड्ड्यात पाला साचला, बेडूक राहायला आले. तरी आम्ही दोघी चालू होतो. गावात मोबाइलची रेंज फक्त पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली मिळते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. म्हणून कुंताची मुलगी पायल मोठी झाली तेव्हा इंटरनेटही आमच्यातूनच आले. मोडेमचा हिरवा दिवा लागला आणि कुंताने त्यालाही हळदकुंकू लावले. पायल आमच्या जोरावर विज्ञानाची पदवीधर झाली.

आता त्या दिवसाकडे येते.

जोडाच्या खड्ड्यात लाइनमन नेहमी काही हात जास्तीची केबल वेटोळे करून ठेवतात. जोड खराब झाला तर खराब भाग कापून टाकायचा आणि वेटोळ्यातली केबल ओढून नवा जोड करायचा. ते वेटोळे म्हणजे आमचे उरलेले आयुष्य. ज्याला माहीत नाही त्याला ते टाकून दिलेले वाटते.

पायल एका स्पर्धा परीक्षेसाठी नागपूरला गेली होती. उन्हाळ्याने तलाव आत सरकला होता. मनसाराम खड्ड्याशी उकिडवा बसला आणि त्याने वेटोळे वर काढले. गुणाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय करून राह्यला गा, मनसाराम?"

"वायर काढून राह्यलो. मासोळीच्या पिंजऱ्याले बांधाले. नायलॉन बांधलं का खेकडे कुरतडून टाकतात."

"कोनाचा वायर हाय?"

"कोनाचाच नाई. गुंडाळून फेकून देल्ला त्या लाइनमननं. फालतूचा हाय."

"अन् कुंताचा फोन बंद पडला तं?"

"मी का येडा हाव? कापतो अन् जोडून देतो. माह्या हाताची गाठ कधी सुटली हाय का?"

"नाई बा," गुणाबाई म्हणाली. "तुही गाठ सुटत नाई अन् तुहं तोंड बंद होत नाई." आणि ती शेळ्यांमागे निघून गेली.

त्याने कोयत्याने वेटोळे कापले. आमचे काळे कवच दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत सोलले, दाताने प्लॅस्टिक ओढून काढले आणि प्रत्येक तारेला जाळ्याची गाठ मारली. ढिवराची गाठ, मित्रांनो. मोठा मासा उसळला तरी न सरकणारी. त्याने निळीला निळी बांधली, नारिंगीला नारिंगी. मग पांढऱ्या उरल्या. त्याने हाताला आली ती पांढरी दुसऱ्या हाताला आली त्या पांढरीला बांधली. वर धानाच्या बियाण्याची रिकामी प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली, सुतळीने आवळली आणि शीळ घालत घरी गेला. त्याच्या मनात पाप नव्हते असे लोक म्हणतात. नसेलही. पण माझी बहीण गेली.

ती कशी गेली ते नीट सांगते. खड्ड्याच्या अलीकडे, म्हणजे टेलिफोन केंद्राच्या बाजूला, ती माझ्याभोवती पिळलेली होती. खड्ड्यात तिला नारिंगीच्या पांढरीशी बांधले, आणि नारिंगीच्या पांढरीला माझ्या बहिणीच्या उरलेल्या अंगाशी. त्यामुळे खड्ड्यापासून कुंताच्या घरापर्यंत जी माझ्या अंगाला बिलगलेली होती तिचे शरीर माझ्या बहिणीचे, पण तिच्यातून बोलत होते संस्थेचे ऑफिस. माझी हाक तिला ऐकू जाईना. मी म्हणायचे, "अगं, मी!" आणि ती मनसारामच्या आवाजात म्हणायची, "रोहू किती किलो झाली?"

त्या दिवशी मी ठरवले की या माणसाला सोडायचे नाही. पण तारेला ना हात, ना दात. तिला एकच गोष्ट येते. तिच्यात जे घातले ते ती पुढे नेते. मी विचार केला, ठीक आहे. मी हेच करीन. तो जे बोलेल ते मी नेईन, आणि जिथे जायला नको तिथे नेईन.

पायल परत आली. पुण्याच्या एका शिकवणी संस्थेने तिला घरून विज्ञान शिकवण्याचे काम दिले होते. पहिला महिना चाचणीचा. तिने खोलीची एक भिंत चुन्याने पांढरी केली, पाटावर पाट ठेवून संगणक उंच केला आणि मिठाच्या पाण्यात दोन खिळे बुडवून, बॅटरी जोडून बुडबुडे दाखवायची तयारी केली. गावोगावची मुले पडद्यावर गोळा झाली. तिने खिळे पाण्यात सोडले, बुडबुडे निघू लागले, आणि चित्र थांबले.

"ताई, तुम्ही अडकलात!" कोणीतरी ओरडले. मग तेही थांबले.

एका बाजूला एकटी मी, दुसऱ्या बाजूला परक्या पिळातली परकी पांढरी. साधे बोलणे कसेबसे जायचे. इंटरनेट म्हणजे हजारो बारीक सूर एकाच वेळी. ते आम्हाला पेलेनात. त्यात पन्नीत दमट हवा शिरली की गाठी हिरव्या पडायच्या आणि हिरवा दिवा लुकलुकायचा. रोज तास तुटू लागला.

झिंगू लाइनमन मोटारसायकलवर आला. त्याच्याकडे बरीच गावे होती आणि एकच रेनकोट. त्याने टोकाला मीटर लावले.

"तार कुठीच तुटली नाई, पायलबाई. मोडेम गेला असन."

मोडेम बदलला. तास तुटत राहिला. तो पुन्हा आला. "वीज पडली असन एखादवेळी," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. मीटर खोटे बोलत नव्हते. प्रवाह इथून निघत होता आणि तिथे पोहोचत होता. तो कोणाच्या सोबतीने जातो हे मीटर विचारत नाही.

मनसाराम रोज संध्याकाळी बहिणीकडे चहाला यायचा. दारातूनच त्याचे सुरू व्हायचे. "काय हो मास्तरीन? पोट्टे शिकून राह्यले का मोडेम शिकून राह्यला?" कुंता म्हणायची, "दादा, काऊन चिडवतं तिले? पोट्टीचं जेवन नाई जाऊन राह्यलं." तर तो म्हणायचा, "मी कुठी चिडवून राह्यलो? संस्थेच्या फोनमंदीबी आवाजच आवाज हाय. त्या झिंगूले कामच येत नाई. नुसता फिरते लेकाचा, पेट्रोल जाळत."

मित्रांनो, मी हे भिंतीतल्या टोकातून ऐकत होते. माझ्या बहिणीला दुसऱ्याच्या गळ्यात बांधून हा माणूस बशीतून चहा ओढत होता.

पुण्याहून निरोप आला. सोमवारच्या तासाला त्यांचे मुख्य शिक्षक स्वतः बसणार. तास पुन्हा तुटला तर काम दुसऱ्याला, किंवा पायलने नागपूरला खोली घेऊन तिथून शिकवावे.  पायलने मिठाचा डबा फळीवर ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"जा म्हनते मी तुले," कुंता म्हणाली. "पन तुहा बाप माजरीले, तू नागपूरले. मंग मी इथी कोनासाठी सयपाक करू?"

पाऊस चांगला झाला होता. तलाव काठोकाठ भरला होता आणि एक-दोन दिवसांत सांडव्यावरून पाणी निघणार होते. या गावची रीत अशी की सांडवा वाहू लागला की त्याच्या तोंडाशी पहिला पिंजरा लावायचा मान संस्थेच्या अध्यक्षाचा. वाहत्या पाण्याविरुद्ध वर चढणारा, चढणीचा पहिला मासा त्यात येतो आणि तो सगळ्या घरांत वाटतात. मनसारामने यंदा सगळे गाव बघत राहील असा पिंजरा बांधला होता. बांबूच्या पातळ कामट्या, आतून नारिंगी जोडीचे आणि तोंडाशी निळ्या-पांढऱ्या तारेचे सलग वेढे. माझे आणि तिचे.

शनिवारी दुपारी तो संस्थेच्या ऑफिसात बसला आणि त्याने चामोर्शीला आपल्या मेहुण्याला, वारलूला फोन लावला. त्याच वेळी इकडे पायलने तक्रार करायला रिसीव्हर उचलला.

हीच ती वेळ. मी अंग ताणले. शेजारून, माझ्या बहिणीच्या हिरावलेल्या शरीरातून मनसारामचा आवाज येत होता. जोडी नीट असती तर तो वजा झाला असता. मी एक अक्षर वजा होऊ दिले नाही.

"...ये न पाहाले उद्या. असा पिंजरा बांधला का खेकड्याच्या बापाले कुरतडता येत नाई! ...काय? ...अरे, टेलिफोनचा वायर! खड्ड्यात वेटोळं पडलं होतं. कापलं, अन् गाठ मारून देल्ली. निळ्याले निळी, पांढरीले पांढरी. कोनाले पत्ता नाई. तो झिंगू मोडेम बदलून राह्यला! हा हा हा!"

पायल रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

"काय झालं वो?" कुंताने विचारले.

"गप, आई. मामा बोलून राह्यले."

"कुठी?"

"फोनमंदी."

"तुले लावला का त्यानं?"

"नाई. दुसऱ्याले लावला."

कुंताला काहीच कळले नाही. पायलने रिसीव्हर अलगद खाली ठेवला. ती विज्ञान शिकलेली मुलगी. "पांढरीले पांढरी" हे दोन शब्द ती पुन्हा पुन्हा पुटपुटली आणि खाली बसली. तार तुटलेली नाही, तरी तास तुटतो. संस्थेचा आवाज आपल्या फोनात येतो. दोन्ही गोष्टींचे उत्तर तिला एकाच ठिकाणी सापडले. तिने झिंगूला फोन लावून रविवारी सकाळी खड्ड्यावर बोलावले. मग चहाचे आधण ठेवले.

मनसाराम संध्याकाळी आला. "काय हो मास्तरीन?"

"मामा, पांढऱ्या पाच होत्या," पायल म्हणाली. "तुम्ही कोनती कोनाले बांधली?"

"कोनत्या पांढऱ्या?"

"खेकड्याच्या बापाले कुरतडता येत नाई, त्या."

बशी त्याच्या ओठाशी थांबली. चहा त्याच्या शर्टावर सांडला. "हे... हे तुले कोनं सांगतलं? वारलूनं?"

"तुम्हीच सांगतलं. दुपारी."

"मी वारलूले सांगतलं!"

"माह्याबी कानात सांगतलं. तुम्ही बांधली न मामा तार? ते माह्या फोनाले अन् तुमच्या फोनाले एकमेकांत गुतवून ठेवून राह्यली. दोन महिन्यांपासून."

त्याने फोनाकडे बघितले. साप दिसल्यासारखा बघितला. मित्रांनो, त्या नजरेसाठी मी उन्हाळ्यापासून थांबले होते.

"दोन महिन्यांपासून सारंच ऐकू येऊन राह्यलं का?" त्याने हळू आवाजात विचारले. पायलने त्याच्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली. कुंता मात्र भावाकडे बघत होती, आणि चहा गाळायचा कपडा तिच्या हातात तसाच होता.

"दादा," ती म्हणाली, "माह्याच घरचा दोर कापला तू?"

रविवारी सकाळी सांडवा निघाला. पाण्याचा आवाज खड्ड्यापर्यंत येत होता आणि मानाचा पिंजरा बघायला जमलेले लोक आधी खड्ड्याशीच थांबले. झिंगूने पन्नी फाडली. आत माझ्या गाठी, शेवाळासारख्या हिरव्या.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे तं जाळं विनलं हाय!"

त्याने पक्कड लावली. गाठ ढिम्म हलेना. त्याने मनसारामकडे बघितले. "भाऊ, सोडा आता."

मनसाराम खाली बसला. नखे लावली, दात लावले, खिळा घालून बघितला. जन्मभर ज्या गाठीवर त्याने मिशीला पीळ दिला तीच गाठ त्याच्याच हाताला सुटेना. गुणाबाई शेळ्यांसह हजर होतीच.

"मी म्हनलं नव्हतं का गा? तुही गाठ सुटत नाई."

लोक हसले. मीही हसले, पण ते कोणाला ऐकू गेले नाही.

"कापावं लागते," झिंगू म्हणाला. "गाठी कापल्या, सडलेला भाग कापला, का तार कमी पडते. वेटोळं तं यायनं नेलं. अन् स्टोअरात तांब्याचा एक तुकडा नाई. म्हनतात फायबर येनार हाय. कधी येनार ते नाई सांगत."

"मंग?" पायलने विचारले.

 झिंगूने मान वळवून सांडव्याकडे बघितले. तिथे काठावर मनसारामचा पिंजरा ठेवला होता. त्याच्या तोंडाशी निळे-पांढरे वेढे उन्हात चमकत होते.

मनसारामने ती नजर पाहिली. "नाई," तो म्हणाला. "आज नाई. सांडवा निघाला न बाप्पा! मान झाला का संध्याकाळी देतो."

"संध्याकाळी मी बल्लारपूरले," झिंगू म्हणाला. "मंग मंगळवारी."

"सोमवारी माहा तास हाय," पायल म्हणाली. एवढेच म्हणाली.

कुंता पुढे आली. "दादा, पिंजरा आन."

"कुंता, पिढ्यांचा मान हाय वो..."

"आन म्हनते मी. त्याच्या तोंडाले माह्या लेकीची तार हाय."

तो गेला आणि पिंजरा उचलून आणला. इतके हळू चालताना त्याला गावाने कधी बघितले नव्हते. तेही वेढे त्याच्याच गाठींनी बांधलेले, म्हणून कोणता वेढा कुठे सुरू होतो हे त्याच्याशिवाय कोणाला कळेना. गाठीची टोके कापून टाकत, वेढे एकेक करून उलगडत तो बसला. प्रत्येक वेढ्याबरोबर एक कामटी निसटायची आणि टक्कन बाजूला पडायची. शेवटचा वेढा निघाला तेव्हा पिंजऱ्याचे तोंड फाकले आणि सगळा पिंजरा केरसुणीसारखा जमिनीवर पसरला. मला त्यातली एक-एक कामटी पडताना मोजावीशी वाटली, पण तेवढा धीर मला नव्हता. मी नुसतीच बघत राहिले.

तेवढ्यात गुणाबाई घरी जाऊन आली. तिच्या काखेत वेलीने बांधलेला एक जुना, काळा पडलेला पिंजरा होता.

"मनसाराम, तुले चालन न गा? मान रिकामा नाई ठेवाचा."

तो मान खाली घालून कामट्या गोळा करत होता. त्याने हात नुसता हलवला. गुणाबाईने साडी खोचली, पाण्यात उतरली आणि सांडव्याच्या तोंडाशी पिंजरा लावला. थोड्या वेळाने पहिली चढणीची मरळ त्यात शिरली. सारे गाव ओरडले. एक माणूस सोडून.

इकडे झिंगूने कवच आणखी थोडे सोलले. तिथे आतमध्ये आम्ही अजून पिळलेल्या होतो, त्यामुळे कोणती पांढरी कोणाची हे उघड दिसले. पायल बोट ठेवून सांगत गेली, झिंगू जोडत गेला. माझे तुकडे मला, तिचे तुकडे तिला आणि नारिंगी जोडीचे नारिंगीला. पायलने दोन्ही तुकडे चिमटीत धरून एकमेकींभोवती पिळले, अगदी कारखान्यातल्यासारखे जमले नाही, पण टोकापर्यंत पिळले. जोडांवर जेली भरलेल्या छोट्या टोप्या दाबल्या. शेवटची टोपी दाबली गेली आणि मी भीत भीत म्हणाले, "अगं, मी."

"कळलं," ती म्हणाली. "किती ओरडतेस?"

सोमवारी पायलने खिळे पाण्यात सोडले. बुडबुडे निघाले, वाढले, वर आले, आणि पडद्यावर एकही चेहरा थांबला नाही. "ताई, एका खिळ्यावर जास्त का येतात?" एका मुलीने विचारले. पायल सांगू लागली. तास संपल्यावर पुण्याचे मुख्य शिक्षक म्हणाले की पुढच्या महिन्यापासून दोन वर्ग घ्या. कुंताने आमच्या टोकाला बोट लावले. दसरा अजून लांब होता, तरी लावले.

गाव म्हणते, झाले गेले विसरून जा. गुणाबाईने मरळीचा वाटा मनसारामच्या घरीही पाठवला. पण मी आधीच सांगितले की मी क्षमाशील नाही.

काही दिवसांनी तो चहाला आला. दारातून काही म्हणाला नाही. बराच वेळ बशीत फुंकर मारत बसला. मग फोनापासून दूर सरकून त्याने विचारले, "पायल, आता... माहा आवाज तुह्या फोनमंदी येते का वो?"

पायलने त्याच्याकडे बघितले. तिला उत्तर पक्के माहीत होते. झिंगूसोबत तिने स्वतः तपासले होते.

"तार हाय, मामा," ती म्हणाली. "सांगता नाई येत."

त्या दिवसापासून मनसाराम फोनवर कुजबुजतो. ज्याचा आवाज फोनाशिवाय चामोर्शीला जायचा, तो रिसीव्हरवर हाताची ओंजळ धरतो आणि ओठ न हलवता बोलतो. पलीकडून वारलू ओरडतो, "भाऊ, ऐकूच नाई येऊन राह्यलं, जोरानं बोला न!" मनसाराम इकडेतिकडे बघतो आणि आणखी हळू बोलतो. संस्थेतले लोक एकमेकांना कोपर मारतात. रोज सकाळी तो जाळे खांद्यावर घेऊन खड्ड्याजवळून जातो. झिंगूने तिथे नवे झाकण बसवले आहे. मनसाराम त्याला वळसा घालून जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. तेव्हा मागते. खड्ड्यावर झाकण असू द्या. त्यातले वेटोळे टाकून दिलेले नसते, त्याला हात लावू नका. आम्हाला जोडायची वेळ आलीच तर टोकापर्यंत पिळलेले ठेवा आणि प्रत्येक पांढरी तिच्या बहिणीलाच द्या.

आणि एक शेवटचे मागणे. आता आमच्या जोडातून एक अक्षरही गळत नाही. संस्थेचे बोलणे संस्थेतच राहते, कुंताचे कुंताकडे. तुम्ही कधी त्या गावी गेलात आणि एखादा माणूस फोनला ओंजळ लावून कुजबुजताना दिसला, तर त्याला हे सांगू नका.